तळपायाचा वरचा सा

जमील कल्हईवाला पंचवटीत शिरला की आधी त्याची आरोळी येई, मग तो येई आणि बऱ्याच मागाहून त्याची बायको गुलजारबी येई. कारण आरोळी याच्या तोंडात आणि भाता तिच्या डोक्यावर.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिंपळाचा पार होता. त्याच्या सावलीत जमील हातभर खड्डा खणी, कोळसा पेटवी, गुलजारबी भात्याला बसे आणि गल्लीतल्या बायका काळीकुट्ट पातेली घेऊन रांग लावत. तापल्या भांड्यात नवसागराची चिमूट पडली की पांढरा धूर उठायचा, कथील वितळायचं, कापसाचा बोळा गरगर फिरायचा आणि पाण्यात चर्र करून भांडं बाहेर यायचं ते चांदीचा आव आणून. इथपर्यंत सगळेच कल्हईवाले सारखे. पुढचं मात्र फक्त जमीलचं. तो ते भांडं पाची बोटांच्या टोकांवर तोली, डोळे मिटी आणि नखाने टिचकी मारी.

बायकांना वाटे, भांडं फुटलंय का ते बघतोय. समोरच्या कुसाबाईंनी एकदा घाबरून विचारलं, "गेलं का रे पातेलं?"

"गेलं नाही बाई, जरा बेसूर आहे."

"मग आमटी चालेल ना त्यात?"

"आमटीला चालेल," जमील म्हणाला, पण चेहरा असा केला की आमटीनेही जरा विचार करावा.

ही खोड त्याला एका इनामदाराच्या लग्नात लागली. पंगतीच्या भांड्यांना कल्हई करायला त्याला तिकडे नेलं होतं. मांडवात एक बुवा चिनी मातीच्या वाट्यांत पाणी घालून दोन काड्यांनी वाजवत बसले होते. लोक बुवांकडे बघत होते, जमील वाट्यांकडे. घरी येऊन तो गुलजारबीला म्हणाला, "त्यात काय आहे? वाट्याच तर आहेत. आपल्या घरात वाट्या नाहीत?" त्यांच्या घरात तेव्हा वाट्या चार होत्या आणि त्यातली एक गळत होती.

पण माणूस चिवट. कुठे मोडीत निघालेली पितळी वाटी दिसली की उचल, टिचकी मार, कानाला लाव. असं करत सहा वर्षांत त्याने सात वाट्या जमवल्या. कुणाला पाणी थोडं, कुणाला जास्त, पण सातही सूर झाले. त्या सात वाट्यांनी गुलजारबीच्या संसाराचं काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. मी एकदा त्यांच्या घरी गेलो असताना ती चुलीपुढून ओरडली, "जहिदा, मीठ कुठाय?" आणि मुलगी आतून म्हणाली, "गंधारात." गुलजारबी कपाळावर हात मारून मला म्हणाली, "बघा भाऊ. लोकांच्या घरात डबे असतात. आमच्यात गाणं आहे, आणि त्याला मुंग्या लागतात."

त्या दिवसांत बाजारात 'जर्मन'ची, म्हणजे ॲल्युमिनियमची, हलकी पांढरी भांडी नवीन आली होती. त्यांना कल्हई लागत नाही म्हणून बाकीचे कल्हईवाले शिव्या देत. जमीलचं दुःख वेगळं. "टिचकी मारा त्याला," तो म्हणे. "मेलेल्या माणसाला हाक मारल्यासारखं वाटतं."

आता सात सूर झाले तरी एक उरतोच, तो वरचा सा. तो नसला तर धून वर चढते, नी पर्यंत येते आणि तिथेच लोंबकळते. शिंक यावी यावी असं होऊन न यावी, तसं. पाणी घातलं की वाटीचा सूर खाली उतरतो, पण सूर वर चढवायचं पाणी अजून कुणी काढलेलं नाही. त्यामुळे त्या सुराला मुळातच तशी वाटी पाहिजे, लहान, जाड आणि खणखणीत. ती जमीलला सहा वर्षांत मिळाली नाही. तशी घाईही नव्हती. घाई झाली ती जहिदाचं लग्न ठरलं तेव्हा.

मुलाचे वडील मालेगावचे सलाउद्दीन, माग चालवणारे. सगळा जन्म मागाच्या खटखटीत गेल्यामुळे ठेका कुठे चुकला ते आपल्याला झोपेतही कळतं, असं ते स्वतःच सांगत. बोलणी झाली, पान झालं आणि तेवढ्यात जमील बोलून गेला, "निकाह झाला की मी वाजवणार."

"काय वाजवणार?"

"वाट्या."

सलाउद्दीनमियांनी पान गालात सारलं. "आमच्याकडे भांडी भांडणात वाजतात."

हसले सगळे. पण जमील हटेना. शेवटी असं ठरलं की मालेगावचा बँड बारातीबरोबर येईल आणि दाराशी उभा राहील. जमीलने खुशाल वाजवावं. पहिला माणूस हसला की बँड सुरू होईल आणि मग वाट्यांचं नाव नाही.

ही गोष्ट जमीलने मला पारावर बसून सांगितली तेव्हा गुलजारबी भाता थांबवून म्हणाली, "यांचं काय जातं, भाऊ? हे इथे आणि पोरगी तिथे. उद्या सासरी तिच्या हातून एक वाटी पडली तरी म्हणतील, ऐका, बापाचं गाणं सुरू झालं. जन्मभर ऐकेल ती."

जमीलने चिमट्याने कोळसे उगाच पुढेमागे केले. भात्याशिवाय कोळसा मात्र विझायला लागला.

आता मी या भानगडीत कसा पडलो ते सांगतो. मी मूळचा घोटीचा. मराठी सातवी झालो, थोडं इंग्रजी शिकलो आणि कचेरीत कारकुनी लागली म्हणून नाशिकला आलो. राहायचो पंचवटीत त्र्यंबकभटांच्या ओसरीवरच्या खोलीत. त्यांना सगळे तात्या म्हणत. तात्या तीर्थोपाध्याय. दिवसभर रामकुंडावर तापल्या दगडांत अनवाणी उभे राहून यजमानांच्या पितरांना वाटेला लावत. त्यांच्या पत्नी कमळाकाकू. काकूंनी ओसरीवरून हाक मारली की पलीकडे कुंडावर बसलेला यजमान दचकून हातातला दर्भ टाकी. मला त्या नावाने हाक मारत नसत, 'घोटीकर' म्हणत, आणि त्यात 'कर' पेक्षा 'घोटी'वर जोर असे.

दिवाळी पंधरा दिवसांवर आली होती. काकूंनी टोपलं पुढे सरकवलं. "घोटीकर, कचेरीला जाता जाता ही भांडी जमीलकडे टाका. चार पातेली, दोन तपेल्या. मोजून द्या."

मी मोजली. निघताना ओसरीच्या कोनाड्यात एक वाटी दिसली, काळीमिट्ट, तुपकट, बघवत नव्हती. मला वाटलं, काकू विसरल्या. उपकार करावेत म्हणून तीही टोपल्यात टाकली.

माझ्यासारख्या माणसाने कुणावर उपकार करू नयेत. ती काशाची वाटी होती. तात्यांचे तळपाय दिवसभर भाजत आणि संध्याकाळी काकू पाटावर बसून त्यांच्या तळव्यांना तूप लावून ती वाटी घासत. तूप काळं झालं की अंगातली उष्णता निघाली, असं त्यामागचं शास्त्र. आमच्या घोटीला लोक दिवसभर भातखाचरांच्या चिखलात असतात. तिथे पाय धुतले तरी पुष्कळ. काशाच्या वाटीला कल्हई करायची नसते हे मला कोण सांगणार?

जमीलने मात्र वाटी हातात घेतल्याबरोबर ओळखली. तो म्हणाला, "भाऊ, ही आगीत टाकली असती तर तडकली असती. हे कासं आहे." आणि सवयीने टिचकी मारली.

टिंऽऽऽग.

पारावर पिंपळाखाली झोपलेलं कुत्रं उठून बसलं. जमीलचं तोंड उघडं राहिलं. गुलजारबीने भाता सोडला. तो सूर संपेचना. मग जमीलने वाटी जमिनीवर अशी ठेवली जशी काही ती झोपलीय, आणि अगदी हळू म्हणाला, "वरचा सा."

"असेल," मी म्हटलं, "पण पायाची आहे."

"एक दिवस राहू द्या, भाऊ. घासून देतो."

मला कचेरीला उशीर होत होता. मी मान हलवली.

त्या संध्याकाळी तात्या कुंडावरून आले, पाय धुतले, पाटावर पसरले आणि डोळे मिटून म्हणाले, "आण."

काकू कोनाड्यात हात फिरवत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या. मी सगळं खरं सांगितलं.

"काशाच्या वाटीला कल्हई!" तात्या उठून बसले. "घोटीकर, तुमच्या डोक्याला करून आणा आधी."

काकूंनी त्या दिवसापुरती पितळी वाटी घेतली. दोनदा घासली असेल नसेल, तात्यांनी पाय आखडून घेतले. "हे काय आहे? पाय घासतेस का पायाला आमटी वाढतेस?" दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी संकल्पात एका यजमानाचं गोत्र दुसऱ्याला दिलं, असं कुंडावरून कळलं. दोन्ही यजमान समाधानाने घरी गेले हा भाग वेगळा. पण काकूंनी पदर खोचला. "चला घोटीकर, तुम्ही नेलीत, तुम्हीच आणा. मी नुसती बोलायला येते."

काकू नुसत्या बोलायला आल्या म्हणजे काय ते पाराने त्या दिवशी पाहिलं. जमील हातातलं पातेलं खाली ठेवून उभा राहिला. काकू पुरत्या पाच मिनिटं थांबल्या नाहीत. थांबल्या तेव्हा जमीलने ती वाटी फडक्यातून काढली. घासूनपुसून सोन्यासारखी केली होती. आतापर्यंत काळ्या थराखाली झाकलेली अक्षरं कडेला दिसत होती, 'चि. सौ. कां. कमळा हीस मामाकडून'.

काकूंचा आवाज एकदम उतरला. "अगंबाई. हे नाव होतं होय यावर?"

"बाई," जमील म्हणाला, "रविवारी माझ्या लेकीचं लग्न आहे." आणि त्याने सगळं सांगितलं, सात वाट्या, वरचा सा, दाराशी उभा राहणारा बँड. सगळ्यात शेवटी गुलजारबीने तिचं ते, पडलेल्या वाटीचं सांगितलं.

काकूंनी ऐकून घेतलं. "तुझ्या लेकीचं लग्न खरं, पण माझ्या नवऱ्याच्या टाचाही खऱ्याच ना? आणि तुमच्या लग्नातून आलेलं भांडं मी घरात घेऊ कशी? सोवळंओवळं काही आहे का नाही?"

हा प्रश्न आमच्या गल्लीत फार अवघड होता. भांडी जमीलच्या आगीतून शुद्ध होऊन यायची, तरी घरात घेताना काकू त्यांना चिंचेने धुवायच्या, आणि मग मनाची समजूत म्हणून पुन्हा एकदा. लग्नातून आलेल्या वाटीला किती चिंच लागेल याचा अंदाज नव्हता. म्हणून प्रश्न तात्यांकडे गेला.

तात्या पाय ताटात गार पाण्यात ठेवून बसले होते. चेहऱ्यावर शास्त्रापेक्षा टाचा जास्त दिसत होत्या. त्यांनी विचारलं, "ती वाटी स्वयंपाकघरात जाते?"

"इश्श! पायाची वाटी?"

"देवघरात?"

"काहीतरीच काय विचारता!"

"मग तिला सोवळं कुठून आलं? माझे पाय सबंध नाशिक तुडवून येतात, त्यांना ती लागते. तिच्याहून ओवळं भांडं या घरात नाही. ती लग्नात जाईल तर तिथल्या लोकांनी विटाळ धरावा. आपण नाही." जरा थांबून ते म्हणाले, "मात्र संध्याकाळी परत. टाचांना शास्त्र कळत नाही."

काकूंनी एक कलम जोडलं. मामाने दिलेली वस्तू नजरेआड होता कामा नये, म्हणून वाटीबरोबर घोटीकर जाईल, घोटीकर तिच्याशेजारी बसेल आणि घोटीकर ती घेऊन येईल. अशा रीतीने मी जमीलच्या लेकीच्या लग्नाला एका वाटीचा पालक म्हणून गेलो.

रविवारी दुपारी जुन्या नाशकात जमीलच्या दारापुढच्या चौकात सतरंज्या अंथरल्या होत्या. बारात आली. बँडवाले पाच होते. त्यातल्या कर्णेवाल्याने दाराच्या चौकटीला पाठ लावून ओठ ओले करायला सुरुवात केली, तो निकाह होईपर्यंत ते ओलेच करत होता. एका बाजूला जमीलने सात वाट्या पाणी भरून, थेंब थेंब लावून, अर्धगोलात मांडल्या होत्या. आठवी काकूंची. ती कोरडीच. तिला पाण्याची गरज नव्हती. तिच्याशेजारी मी.

निकाह आत चालला होता, सगळे पुरुष तिकडे. तेवढ्यात मुलाकडच्या एक वृद्ध खाला, म्हणजे मावशी, हमीदा त्यांचं नाव, उन्हातून आल्या आणि धापा टाकत सतरंजीवर बसल्या. त्यांच्यापुढे ओळीने सात वाट्या, स्वच्छ, गार पाण्याने भरलेल्या. आश्विनातलं ऊन. लग्नाच्या घरात पाहुण्यापुढे पाण्याच्या वाट्या मांडलेल्या असल्या तर पाहुण्याने काय समजावं? त्यांनी पहिली उचलली आणि गटागटा प्यायल्या. मला कळेपर्यंत त्यांनी सा संपवला होता. मी ओरडायला तोंड उघडलं तोवर ग गेला होता. घशात शब्द आला तेव्हा त्या पंचमाचा शेवटचा घोट घेत होत्या.

"खालाजान, ते वाजवायचं आहे!"

"पाणी?" त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "बेटा, उन्हातून आलास का?" आणि काकूंची वाटी पुढे करून म्हणाल्या, "ही रिकामीच आहे. हिच्यात भर बघू थोडं."

मी ती वाटी दोन्ही हातांनी छातीशी धरली. "हिला पाणी चालत नाही!"

खाला जरा लांब सरकून बसल्या.

निकाह झाला. जमील बाहेर आला, गळ्यात हार, आनंदाने घाम फुटलेला. वाट्यांकडे नजर गेली आणि हाराखाली त्याचा श्वास थांबलेला मला दिसला. मी खालांकडे बोट दाखवलं. दारातून सलाउद्दीनमियां आणि पाठोपाठ सगळी बारात येऊन बसली. गुलजारबी पडद्याआडून बघत होती. तिच्यामागे लाल ओढणी हलली, ती जहिदा असणार.

"काय जमीलभाई," सलाउद्दीनमियां म्हणाले, "सुरू करा. का घसा कोरडा पडलाय?"

बारात खुसखुसली. कर्णेवाल्याने कर्णा उचलला. सलाउद्दीनमियांनी हात वर केला. म्हणजे हे अजून हसणं धरायचं नाही, असा त्याचा अर्थ.

जमील खाली बसला. माझ्या छातीशी धरलेली वाटी त्याने हळूच सोडवून घेतली, समोर ठेवली, काडी उचलली आणि मारली.

टिंऽऽऽग.

बोलणारे थांबले. त्या वाटीत पाणी नव्हतं, त्यामुळे तिचं काही बिघडलं नव्हतं. जमीलने तो सूर कानात धरला आणि खालचा सा त्याला जोडायला घेतला. लोट्यातून धार, टिचकी, एक थेंब, टिचकी, बोटाने एक थेंब बाहेर. मग पंचम. मग गंधार. दर वेळी आधी काकूंची वाटी, मग ती. टिंग, टुंग. टिंग, टुंग. एकेक वाटी वर बघायची आणि तिच्याजवळ सरकायची, असं वाटत होतं. पाव तास तरी गेला असेल. लोकांना वाटलं हाच राग आहे. पंचम लागला तेव्हा सलाउद्दीनमियांची मान आपोआप हलली आणि ते म्हणाले, "वा!" मी जमीलकडे पाहिलं, जमीलने माझ्याकडे. आम्ही दोघांनी कुणाला काही सांगितलं नाही.

मग त्याने खरंच वाजवायला घेतलं. एक साधीच धून, पाळण्याच्या दोरीसारखी मागेपुढे जाणारी. वर चढली, ध, नी, आणि पडद्याआड गुलजारबीने श्वास धरलेला मला ऐकू आला, म्हणजे ऐकू येईनासा झाला. टिंऽऽऽग. शिंक आली. चौकात कुणीतरी "आह" म्हणालं. ते हसणं नव्हतं. कर्णेवाल्याने कर्णा पायाशी ठेवला आणि इतका वेळ ओले केलेले ओठ एकदाचे पुसले.

संपल्यावर सलाउद्दीनमियां पुढे आले. त्यांनी सातांकडे बघितलंच नाही. सरळ आठवी वाटी उचलली, दोन्ही हातांनी कपाळाला लावली, मग डोळ्यांना लावली. जमीलने वर आकाशाकडे पाहिलं. मी सतरंजीकडे.

"यावर काही लिहिलंय. बालबोध लिपी आहे, मला वाचता येत नाही. कुणाची वाटी?"

मी वाचून दाखवलं, "कमळा."

"कोणी मोठ्या गाणाऱ्या आहेत?"

"पंचवटीत त्यांचा आवाज सगळ्यांना माहीत आहे," मी म्हटलं. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"माझा सलाम सांगा त्यांना. जहिदा, ऐकलंस का? आपल्या घरी वाटी पडली तर मी म्हणेन, कुठल्या सुरात पडली ते आधी सांग."

पडद्याआड हसू फुटलं. बँडला आता काही वाजवायचं उरलं नाही म्हणून त्यांनी जेवायला वाजवलं.

ऊन उतरायच्या आत वाटी घरी पोचली. तात्यांनी पाय पाटावर पसरले, काकूंनी तूप घेतलं. पण तळव्याला लावण्याआधी बांगडीने वाटीवर हलकेच टोला दिला आणि कान दिला. मी सलाम सांगितला. मालेगावचे लोक तुम्हाला मोठ्या गाणाऱ्या समजतात, हेही सांगितलं.

"तुम्ही काय म्हणालात?"

"हो म्हणालो."

काकूंनी मान खाली घालून तळव्याला तूप लावलं. वाटी मात्र त्या दिवशी जरा जोरात फिरली. तात्या म्हणाले, "अगं, टाच आहे ती."

दिवाळी झाली. जमील पुन्हा पाराला आला. काकू टोपलं घेऊन स्वतः गेल्या, भांड्यांना कल्हईची गरज नसताना. मी कचेरीला निघालो होतो, थांबलो.

"जमील, माझा तांब्या कोण रे?"

जमीलने टिचकी मारली, डोळे मिटले. "कोमल निषाद, बाई."

"आणि या कुसाबाईंचा हंडा?"

"पंचम."

"कोमल म्हणजे कमी का?"

"कमी नाही बाई, हळवा."

काकूंनी तांब्या उलटसुलट करून पाहिला. समोरच्या ओट्यावरून कुसाबाई टक लावून बघत होत्या. काकूंनी आवाज चढवला, कुंडापर्यंत जाईल इतका, "आणि वरचा सा कुणाचा रे, जमील?"

"तुमचाच, बाई," जमील म्हणाला आणि कोळसा पुढे सारत बायकोला म्हणाला, "भाता मार."